बिनपोरीचा मासा

वाघजाई धरणाच्या दरवाज्यांपुढे बसवलेली पोलादी जाळी शेवटी गॅस कटरनं कापावी लागली. २०३७ सालचा ऑगस्ट होता. घाटमाथ्यावर आठवडाभर पावसानं धरलं होतं आणि कासवती नदीनं वरच्या अंगाची सगळी जलपर्णी आणून त्या जाळीवर थापली होती. पाण्याला वाट मिळेना. जलाशयाची पातळी धोक्याच्या रेषेला टेकली तेव्हा कार्यकारी अभियंत्यांनी फार विचार केला नाही.

"मासे गेले तर जाऊ देत, मॅडम," ते म्हणाले. "भिंत राहिली पाहिजे."

मॅडम म्हणजे कांचन नगरे. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत माशांच्या जनुकांवर काम करायची आणि ही जाळी तिच्याच संस्थेनं बसवलेली होती. पण या धरणावर ती नुसती शास्त्रज्ञ म्हणून येत नसे. तिच्या आजोबांचं गाव याच पाण्याखाली गेलं होतं. तिचा थोरला भाऊ भागवत इथल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता, आणि आत्ता डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तो तिच्या शेजारी भिंतीवर उभा होता.

"किती चिलापी खाली गेली असतील?" खालच्या फेसाळ लोंढ्याकडे बघत त्यानं विचारलं.

"एक गेली तरी पुष्कळ, दादा."

हे ती चिडून म्हणाली नव्हती. ते खरंच तसं होतं. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. गेल्या शतकात कुणीतरी तो उत्पन्नासाठी आणला आणि तो इथलाच होऊन गेला. घाण पाणी, गरम पाणी, कमी हवेचं पाणी, त्याला काहीच वर्ज्य नाही. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. त्यामुळे धरणातून एक मादी निसटली की तिच्याबरोबर एक आख्खी वसाहत खाली उतरते.

आणि खाली वाचवण्यासारखं अजून काही शिल्लक होतं. धरणापासून तीन कोसांवर, दोन डोंगरांच्या बेचक्यात, भैरोबाचा डोह होता. बंद्या रुपयाएवढ्या खवल्यांचे महाशीर त्या डोहात राहत. वाम, शिंगाळा, अहेर हे मासेही आता तेवढ्याच पट्ट्यात सापडायचे. दर पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की चिलापी त्या पट्ट्यात उतरायची, डोहाच्या कडेचा वाळूचा तळ आपल्या घरट्यांसाठी उकरायची आणि बाकीच्यांची अंडी खायची. आधी बुडबुड्यांचा पडदा लावून बघितला, मग पाण्यात विजेचं कुंपण घातलं, मग ही जाळी. पूर आला की तिन्हींचं सारखंच होई.

"मग आता?" भागवतनं विचारलं.

"आता दरवाज्यात अडवून भागायचं नाही," कांचन म्हणाली. "धरणातूनच संपवायला पाहिजे."

भागवतनं तिच्याकडे बघितलं. धरणात चिलापीशिवाय दुसरं काही राहिलंच नव्हतं. सोसायटीची सव्वाशे घरं तिच्यावर चालत होती. कांचनचं पुण्यातलं शिक्षणही तिच्यावरच झालं होतं.

---

संस्थेनं जे तयार केलं होतं त्याला जीन ड्राइव्ह म्हणतात. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. त्यातली कुठली पुढे जाणार हे नाणं उडवल्यासारखं असतं, म्हणून कुठलंही नवं जनुक साधारण निम्म्या पिल्लांतच उतरतं. ड्राइव्ह हे नाणं खोटं करून टाकतो. त्याच्यासोबत एक सूक्ष्म कात्री असते. ती जोडीदाराकडून आलेल्या प्रतीत ठरावीक जागा शोधते, तिथे कापते, आणि पेशी ती जखम भरताना ड्राइव्हचीच नक्कल तिथे बसवते. मग निम्म्या नाही, सगळ्या पिल्लांत तो उतरतो. त्यांच्या पिल्लांतही सगळ्या.

कांचनच्या ड्राइव्हमध्ये एकच हुकूम भरलेला होता: मादी होऊ द्यायची नाही. चिलापीचं लिंग अंड्यातून बाहेर पडताना सहज वळवता येतं. मत्स्यबीज केंद्रांत ते औषधानं कधीपासून करतात. इथे ते काम जनुकच करणार होतं. सोडलेल्या नराला होणारी सगळी पिल्लं नर, त्यांचीही सगळी नर. माद्या दर पिढीला कमी होत जाणार. विष घालायचं नाही, जाळं टाकायचं नाही. मासे आपलं आयुष्य जगून म्हातारे होऊन मरणार आणि मागे कुणी उरणार नाही.

सोसायटीच्या मंडळींना तिनं हे भागवतच्या अंगणात बसून समजावलं. आत चहा गाळत असलेली शालनवहिनी ऐकत होती. कप घेऊन बाहेर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बिनपोरीचा मासा."

सगळे हसले. नाव तेव्हापासून तेच पडलं.

"हसताय काय?" शालन म्हणाली. "आमच्या माहेरी हेच झालं. पोरी पोटातच मारल्या. आता चाळिशीचे बाप्ये बिनलग्नाचे पारावर बसून असतात. त्याला पुण्याचं शास्त्र लागलं नव्हतं."

कांचननं मान खाली घातली. तिनं सांगितलं की चिलापी कमी होत जाईल तसतसं इथल्या मूळ माशांचं बीज धरणात सोडलं जाईल, आणि डोहावर सोसायटीतूनच राखणदार नेमले जातील.

"हा शब्द तुझी संस्था देतीय का तू?" भागवतनं विचारलं.

"मी देते."

"मग झालं," तो म्हणाला, आणि उरलेल्यांकडे बघितलं. त्याचा शब्द कुणी मोडला नाही.

संस्थेच्या प्रमुख डॉ. यास्मिन मुजावर यांनी अहवालात एक अट घातली होती. जलाशयाच्या काठावर आंबेकुरण हे शहर आहे. ते धरणाचंच पाणी पितं आणि आपलं सांडपाणी धरणातच सोडतं. वरच्या शेतांचं खतही पावसात तिथेच उतरतं. एवढ्या खतावर पाण्यात शेवाळ माजतं आणि चिलापी ते चरत असते. म्हणून चिलापी संपायच्या आत आंबेकुरणचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालू झाला पाहिजे, अशी ती अट होती. ती मान्य झाली. प्रकल्पाचं उद्घाटनही वेळेत झालं. पुढे तो पाहुणे आले की चालायचा आणि गेले की बंद पडायचा.

---

पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी जाळ्यात मोठमोठे नर येऊ लागले; लोक खूश झाले. तिसऱ्या वर्षी भागवत रोज मासे चिरून बघायचा आणि कांचनला फोन करायचा.

"आज पण एक नाही गाभोळीवाली."

चौथ्या वर्षी जाळी रिकामी निघायला लागली. मूळ माशांचं बीज सोडलं होतं, पण त्यांना वाहतं पाणी लागतं, आणि धरणाचं पाणी मेल्यासारखं उभं. थोडे तगले, वाढले नाहीत. सोसायटीतली तरुण माणसं एकेक करून आंबेकुरणच्या गोदामांत कामाला लागली. होड्या काठावर पालथ्या पडल्या. कांचन गावात आली की लोक तिच्याशी बोलायचे, पण चहाला बोलवायचे नाहीत.

भागवत तिला कधी काही म्हणाला नाही. त्याची साखर वाढून मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून दोनदा त्याला आंबेकुरणच्या डायलिसिस केंद्रावर जावं लागायचं. बाकीचे दिवस तो भैरोबाच्या डोहावर राखणदार म्हणून बसायचा. पहिले काही महिने तो तिथे पगारासाठी गेला. मग त्याला त्या माशांचा नादच लागला.

एका ऑक्टोबरात त्यानं कांचनला मुद्दाम बोलावून घेतलं. डोहाच्या वरच्या अंगाला, गुडघाभर पाण्याच्या उताराशी तो तिला घेऊन गेला.

"वाकून बघ. हात घालू नको."

दगडगोट्यांमध्ये बोटाएवढी पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून उभी होती. पाठीवर सोनेरी छटा, शेपटीपाशी एक काळा ठिपका. महाशीरची पिल्लं. या नदीत ती शेवटची कधी दिसली होती ते संस्थेतल्या कुणालाच आठवत नव्हतं.

कांचन तशीच पाण्यात बसली. तिची साडी भिजली. भागवत काठावरच्या दगडावर बसून हसत होता. डायलिसिसच्या सुयांनी त्याचा डावा हात गाठीगाठींचा झाला होता आणि तो हात तो सवयीनं मांडीवर जपून धरायचा.

"आपल्या आज्यानं हे बघितलं असणार," तो म्हणाला. "बापानं नाही. मी बघितलं."

घरी जेवताना त्यानं ते शालनला पुन्हा पुन्हा सांगितलं. शालन म्हणाली, "मासे आले हे चांगलं झालं. पण ते देवाचे. ते काही ताटात यायचे नाहीत."

---

२०४२च्या एप्रिलमध्ये धरणाचं पाणी हिरवं झालं. आधी काठाशी पोपटी साय धरली, मग वाऱ्यानं ती सगळीकडे पसरली. सडलेल्या गवतासारखा वास आंबेकुरणच्या नळांना येऊ लागला. काठावर पाणी प्यायलेली दोन कुत्री आणि एक म्हैस मेली.

कांचननं पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तिला जे वाटलं होतं तेच दिसलं. याला शेवाळ म्हणतात, पण हे असतात जिवाणू. सूर्यप्रकाशावर आणि माणसाच्या घाणीवर वाढणारे. त्यांच्यातले काही पेशीत विष साठवतात. ते यकृतावर चालतं. उकळून जात नाही. एकच दिलासा असतो: पेशी अखंड आहे तोवर बरंचसं विष तिच्या आतच राहतं.

तिनं आंबेकुरणच्या पाणीपुरवठा अधिकाऱ्यांना फोन लावला. "काही झालं तरी त्याच्यावर औषध मारू नका. पेशी फुटतील."

"मॅडम, मोरचूद परवाच मारलं," ते म्हणाले. "लोक वासाला कंटाळले होते. आता पाणी बघा किती स्वच्छ दिसतंय."

फोन ठेवतानाच तिला डायलिसिसची आठवण झाली. निरोगी माणूस दिवसाला चार तांबे पाणी पितो, आणि त्यातलं विष आतड्यातून, यकृतातून गाळलं जातं. डायलिसिसच्या एका खेपेला शंभरहून जास्त लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं. मधे एक पातळ पडदा असतो आणि विषाचे कण त्यातून सहज जाण्याइतके लहान असतात.

ती केंद्रावर पोचली तेव्हा दुपारची खेप चालू होती. सहा खुर्च्या, सहा माणसं, सहा यंत्रांची संथ घरघर. तंत्रज्ञ समाधान कोरडे तिच्या ओळखीचा होता. भागवतला तोच सुया लावायचा.

"पाणी कुठलं घेताय?"

"नळाचं. आपल्या शुद्धीकरण यंत्रातून," समाधान म्हणाला. "त्याचा मुख्य पडदा फाटलाय, नवा मागवलाय. तोपर्यंत कोळशाच्या गाळणीवर चालवतोय."

"कोळसा कधी बदलला?"

समाधाननं नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली.

"बंद कर, समाधान. सगळी यंत्रं."

एका खुर्चीपाशी बसलेली बाई उठून उभी राहिली. "बंद करून कसं चालंल? यांचं परवा चुकलंय. अंगात पाणी भरलंय, रात्री झोपता येत नाही. आज नाही झालं तर जातील ते."

"आणि झालं तर?" कांचन म्हणाली. पण या बाईला द्यायला तिच्याकडे दुसरं पाणी नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्वद मिनिटांचा रस्ता होता आणि तिथल्या खुर्च्या आधीच भरलेल्या होत्या.

समाधाननं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पहिलं यंत्र बंद केलं. मग दुसरं. ती बाई रडली नाही, भांडलीही नाही. नवऱ्याच्या हातातली सुई निघेपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"दादाची खेप कधी झाली?" कांचननं विचारलं.

"सोमवारी," समाधान म्हणाला. "आणि आज सकाळी."

---

भागवतला आधी डोकेदुखी झाली, मग सगळं धुरकट दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. जिल्हा रुग्णालयाच्या त्या वॉर्डात आंबेकुरणच्या केंद्रावरचे बाकीचेही होते. ते एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यामुळे कुणाची खाट रिकामी झाली की सगळ्यांना कळायचं.

शुद्धीवर होता तेव्हा त्यानं कांचनला जवळ बसवून घेतलं. शालन औषधं आणायला खाली गेली होती.

"लोक काय म्हणत्यात?"

"काही नाही."

"खोटं तुला कधी जमलं नाही," तो म्हणाला. "चिलापी परत आणा म्हणत असतील. बरोबर?"

ती त्याची चादर सारखी करत राहिली. मागणी खरोखरच सुरू झाली होती. पण धरणात उरलेल्या म्हाताऱ्या नरांमध्ये ड्राइव्ह अजून जिवंत होता. साधी चिलापी सोडली असती तर तिचाही वंश तसाच संपला असता. टिकली असती ती फक्त संस्थेच्या टाक्यांतली एक राखीव जात. ड्राइव्ह कधी चुकून भलतीकडे पसरलाच तर उतारा असावा म्हणून कांचननं ती स्वतः तयार केली होती. कात्री जी जागा शोधते तीच तिनं या माशांमध्ये बदलली होती. कात्रीला तिथे कापायला काही सापडायचं नाही. पण ती जात एकदा पाण्यात गेली की हे हत्यार कायमचं बोथट होणार होतं.

"नको सोडू," भागवत म्हणाला. दम लागल्यामुळे तो थांबत थांबत बोलत होता. "शेवाळ गटारानं आलंय. गटार बंद करायला सांग. मासा काय गटार गिळायला जन्माला आलाय का? तू डोहात जे केलंस ते खोटं नव्हतं."

"दादा, तू बोलू नकोस आता."

"सांगशील ना?"

"सांगीन."

दुसऱ्या दिवसापासून तो बरळू लागला. यकृत गेलं की मेंदूवर झापड येते, असं डॉक्टर म्हणाले. तो शालनला आई समजून हाक मारायचा आणि कांचनला ओळखत नव्हता. त्या आठवड्याच्या शेवटी तो गेला. केंद्रावरच्या निम्म्याहून जास्त लोकांचं तेच झालं. केंद्रावर यंत्र बंद करू नका म्हणणाऱ्या त्या बाईचा नवराही गेला. तो विषानं नाही, डायलिसिस न मिळाल्यानं गेला.

---

जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक घेतली तेव्हा भागवतचा तेरावा होऊन गेला होता. कांचन डॉ. मुजावरांच्या शेजारी बसली. तिनं सांडपाण्याचे आकडे मांडले, खताचे मांडले. भागवतला दिलेला शब्द तिनं पाळला. जे सांगायचं ते सगळं स्पष्ट सांगितलं.

जिल्हाधिकारी बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. "तुमचं पटतंय," त्या म्हणाल्या. "प्रकल्पाची दुरुस्ती, नव्या वाहिन्या, वीज, सगळं धरून तीन वर्षं. ते मी करीन. पण पुढच्या एप्रिलमध्ये पाणी पुन्हा हिरवं होणार, त्याचं काय?"

"शहराच्या पाण्यासाठी कोळशाच्या मोठ्या गाळण्या बसवा."

"त्या मागवल्यात. शहराला पुरतील. काठावरच्या चाळीस गावांना नाही." त्या कांचनकडे वळल्या. "तुमच्याकडे चिलापीची एक टिकणारी जात आहे, असं मी ऐकलं. ती शेवाळ खाईल?"

"सगळं नाही. दोन पावसाळे गेल्यावर फरक पडेल."

"दोन पावसाळे तीन वर्षांपेक्षा कमी आहेत."

"आणि खालची नदी?" कांचननं विचारलं.

जिल्हाधिकारी बाईंनी पुढची फाईल ओढली. बाहेर आल्यावर डॉ. मुजावर म्हणाल्या, "ती जात तुझी आहे, कांचन. तू नको म्हणालीस तर संस्था नको म्हणेल. मी तुझ्या मागे उभी राहीन. पण मी तुला काय करावं ते सांगणार नाही, कारण मला कळत नाहीये."

कांचन तडक गावी गेली. शालन अंगणात जाळं पसरून त्याच्या गाठी तपासत होती. गेल्या वर्षभरात त्या जाळ्याला पाणी लागलं नव्हतं.

"सोडायचं का, एवढंच विचारायला आलीस ना?" शालन म्हणाली.

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"मला विचारू नको. माझं म्हणणं ऐकून तू करशील, आणि उद्या डोह मेला की ते माझ्यावर येईल." तिनं एक गाठ ओढून बघितली. "पण विचारलंसच म्हणून सांगते. काल धाकट्या जावेची नात पाण्याशी खेळत होती. मी तिला ओढून आणली आणि थोबाडीत मारली. पाण्याकाठची माणसं आम्ही, आणि पोरीला पाण्यात हात घातला म्हणून मारलं. सोड म्हणते मी. तुझ्या देवाच्या माशांपेक्षा ती पोर मला मोठी आहे."

कांचन भिंतीला टेकून बसली. मग तिनं भागवत शेवटी काय म्हणाला ते सांगितलं. एक शब्दही लपवला नाही.

शालननं हातातली गाठ सोडून दिली.

"मला हे आत्ता सांगतेस?"

"तुमच्यासमोर बोलला नाही तो."

"नाही बोलणार. मी काय म्हणाले असते ते त्याला ठाऊक होतं." तिनं जाळं बाजूला सारलं. "तो गेला. त्याचं म्हणणं त्याच्याबरोबर. तू जित्यांचं बघ."

जूनमध्ये राखीव जातीच्या टाक्या ट्रकनं धरणावर आल्या. मंत्री आले, छायाचित्रं निघाली. कांचननं टाक्यांच्या चाव्या दिल्या आणि ती गाडीत जाऊन बसली.

---

दरवाजे उघडायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं, असं तिनं ठरवलं होतं. धरणाच्या खाली डाव्या अंगानं गायओढा कासवतीला मिळतो. त्यावर तीन पुरुष उंचीचा धबधबा आहे आणि धबधब्याच्या वर खडकातल्या खोल पाण्याच्या कोंडी आहेत. चिलापी तो कडा चढू शकत नाही. महाशीरही चढू शकत नव्हते. त्यांना उचलून न्यावं लागणार होतं.

सोसायटीतले सातआठ जण आले. ज्यांना तिनं पाच वर्षांपूर्वी शब्द दिला होता त्यांतलेच ते होते, आणि त्यांतल्या कुणी ती गोष्ट काढली नाही. जुलैच्या उघडिपीत त्यांनी डोहात जाळं टाकलं. शालन न बोलावता आली होती. पदर खोचून ती छातीभर पाण्यात उतरली आणि जाळ्याचा खालचा दोर पायानं दाबत पुढे सरकत गेली, कारण महाशीर दोराखालून निसटतात.

"याला हात लावू नका, मरंल," ती मोठ्या माशांच्या बाबतीत सांगत होती, आणि ते खरं होत होतं. म्हाताऱ्या माशांना टाकीतला धक्का सोसेना. प्राणवायूच्या नळ्या लावूनही रस्त्यात बरेच उलटे झाले. डोहातला सगळ्यात मोठा महाशीर जीपमध्ये घालायच्या आधीच मेला. भागवत त्याला पाटील म्हणायचा. शालननं त्याला पुन्हा डोहात सोडलं आणि पाण्यानं तो नेला.

तरी रोज काही मासे वर पोचत होते. माणसं ओल्या गोणपाटाच्या झोळ्या करून धबधब्याच्या बाजूच्या पायवाटेनं चढायची. वर कोंड लहान होती, पाणी गार, खायला फारसं काही नाही. इथे किती जगतील, पुढे वाढतील का, हे कांचनला सांगता आलं नसतं; तिला कुणी विचारलंही नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी पाऊस पुन्हा धरला. शालन कोंडीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली होती. झोळीतून काढलेला एक हातभर लांबीचा महाशीर तिच्या तळव्यांवर आडवा पडला होता. ती त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून हळूहळू पुढेमागे करत होती, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. बराच वेळ झाला तरी कल्ले हलत नव्हते.

"वहिनी, ठेवा आता," कांचन म्हणाली. "हात गारठलेत तुमचे."

"थांब."

इतक्यात दरीतून धरणाचा भोंगा ऐकू आला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. बाकीची माणसं होती तिथे उभी राहिली. खाली डोहाच्या दिशेनं पाण्याचा घोष वाढत चाललेला या उंचीवरूनही कळत होता.

"दरवाजे उघडले," कांचन म्हणाली.

शालननं मान वर केली नाही. ती मासा पुढेमागे करत राहिली. मग तिच्या बोटांना काहीतरी जाणवलं असावं, कारण तिचे हात थांबले. कल्ला एकदा उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला.

"हा जातोय बघ," ती म्हणाली, आणि तिनं ओंजळ पाण्याखाली नेऊन सैल केली.